'गेट'चं फ्रेंच करताना दरवेळी 'ओब्तनीर'च का येतं?

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलांच्या वह्यांमध्ये एक चूक इतक्या नियमाने येते की वही उघडण्याआधीच ती ओळखता येते. 'मला थंडी वाजली' म्हणायचं असतं आणि वहीत असतं 'जे ओब्तन्यू फ्र्वा'. 'माझं लग्न झालं'चं 'ज स्वी दवन्यू मारिए' होतं. 'मी आजारी पडलो'चं काहीतरी 'जे प्री मालाद' असं होतं, आणि त्याचा अर्थ फ्रेंच माणसाला लागत नाही. तिन्ही वाक्यांच्या मागे एकच इंग्रजी शब्द लपलेला आहे: गेट. गेट कोल्ड, गेट मॅरिड, गेट सिक.

ही चूक पहिल्या पातळीवर सुरू होते आणि डेल्फ या फ्रेंच परीक्षेच्या बी-वन पातळीपर्यंत टिकते. 'ओब्तनीर' (मिळवणे) लिहू नकोस म्हटलं की मुलं 'प्राँद्र' (घेणे) लिहायला लागतात. तेही नको म्हटलं की 'दवनीर' (होणे). म्हणजे पाणी एका भोकातून बंद केलं की दुसऱ्यातून गळतं. कॅनडाला जायचं म्हणून टेफ या फ्रेंच परीक्षेची तयारी करणारे, नोकरी सांभाळून शिकणारे लोकही यातच अडकतात. त्यांचं इंग्रजी तर जास्तच पक्कं असतं, म्हणून उलट जास्त अडकतात.

(फ्रेंच शब्द मी कानाला ऐकू येतात तसे, जमेल तेवढे देवनागरीत लिहिले आहेत. 'आँ', 'ओं', 'अँ' हे नाकातले उच्चार समजावेत.)

गळती कुठे आहे

बहुतेकांना दोष फ्रेंचमध्ये दिसतो. 'एका शब्दाला वीस शब्द, कसे पाठ करायचे?' पण वीस शब्दांची ही गर्दी इंग्रजीने केलेली आहे. मिळणं, होणं, पोचणं, कळणं, आणणं, चढणं, करून घेणं ही सगळी वेगवेगळी कामं इंग्रजीने एकाच शब्दाच्या गळ्यात बांधली. फ्रेंचने तसं केलं नाही. मराठीनेही नाही.

मग आपण मराठी माणसं फ्रेंच लिहिताना इंग्रजीतून का जातो? सवय. शब्दसूची इंग्रजी-फ्रेंच असते, ॲप इंग्रजीतून शिकवतं, वर्गात बाईही व्याकरण इंग्रजीतूनच समजावतात. अकरावीला फ्रेंच घेतलेल्या मराठी माध्यमाच्या मुलालासुद्धा पहिल्या आठवड्यात कळतं की इथे मराठीला जागा नाही. त्यामुळे डोक्यात वाक्य तयार होतं तेच इंग्रजीत, आणि मग त्याचे तुकडे करून एकेकाला फ्रेंच चिकटवलं जातं.

आता 'ओब्तनीर'च का? यालाही कारण आहे. 'गेट' हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडून आला. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती केलेल्या नॉर्स लोकांचं क्रियापद होतं 'गेता', त्यातून तो रुजला. पुढे 1066 साली नॉर्मन आले आणि त्यांच्या फ्रेंचमधून 'ऑब्टेन', 'रिसीव्ह', 'अराइव्ह' असे शब्द इंग्रजीत शिरले. हे दरबारी, कागदोपत्री शब्द. घरी 'गेट', अर्जात 'ऑब्टेन'. म्हणून इंग्रजी शब्दकोशात 'गेट'चा अर्थ बघायला गेलं की सगळ्यात वर 'ऑब्टेन' दिसतो, आणि तो इतका फ्रेंच दिसतो की मुलगा खूश होऊन जसाच्या तसा उचलतो. पण फ्रेंचमध्ये 'ओब्तनीर' म्हणजे प्रयत्न करून, मागून, अर्ज करून पदरात पाडून घेणं. व्हिसा, कर्ज, पदवी, परवानगी. थंडी कोणी अर्ज करून मिळवत नाही.

उपाय: आधी मराठीत म्हणा

वाक्य इंग्रजीत सुचलं तरी हरकत नाही. ते कागदावर उतरवण्याआधी आपल्या घरी जसं बोललो असतो तसं एकदा मराठीत म्हणायचं. 'गेट'चं भाषांतर मराठीत आपोआप होतं, कारण मराठीत 'गेट' नाहीच. तिथे तुम्हाला हवं ते क्रियापद निवडावंच लागतं, आणि जे निवडाल त्याच्या शेजारी फ्रेंच क्रियापद बहुतेक वेळा उभं असतं.

पत्रलेखनात येणारं एक वाक्य घेऊ. इंग्रजीत त्यात पाच वेळा 'गेट' येतो: बसमधून उतरताना मित्राचा फोन आला, मग रस्ता चुकलो, आणि घरी पोचलो तेव्हा अंधार पडत होता. इंग्रजीत फोन 'गॉट', बसमधून 'गेटिंग ऑफ', रस्ता 'गॉट लॉस्ट', घरी 'गॉट होम', अंधार 'गेटिंग डार्क'. आता वरचं मराठी वाक्य पुन्हा वाचा. पाच वेगळी क्रियापदं आहेत: येणे, उतरणे, चुकणे, पोचणे, पडणे.

उतरणे म्हणजे 'देसाँद्र'. उतरताना म्हणजे 'आँ देसाँदाँ'. मराठीतलं '-ताना' आणि फ्रेंचमधलं 'आँ …आँ' हे रूप (व्याकरणात ज्याला जेराँदीफ म्हणतात) अगदी एकमेकांच्या मापाचं आहे. इंग्रजीतून गेलात तर 'व्हाइल आय वॉज गेटिंग ऑफ' एवढं सगळं ओढत न्यावं लागतं. रस्ता चुकणे 'स पॅर्द्र', पोचणे 'आरिवे', अंधार किंवा रात्र पडणे तर शब्दशः 'ला न्वी तोंब', रात्र पडते. 'पडत होता' म्हणून 'ला न्वी तोंबॅ', अपूर्ण भूतकाळ. मराठी 'त होता' म्हणते तिथे फ्रेंचमध्ये बहुधा हाच काळ लागतो.

पण 'फोन आला'पाशी थांबा. मराठीत '-ताना' कोणाचंही असू शकतं: मी उतरत होतो, आला मात्र फोन. 'मी जेवताना तो आला' हे आपल्याला चालतं. फ्रेंचमध्ये चालत नाही. जेराँदीफचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच लागतो. म्हणून 'अँ नामी मा आपले आँ देसाँदाँ द्यू ब्यूस' लिहिलंत, तर बसमधून मित्र उतरत होता असा अर्थ होतो. दोन सुटका आहेत. एक, कर्ता 'मी' करायचा: 'जे रस्यू अँ नापॅल आँ देसाँदाँ द्यू ब्यूस'. दुसरी, 'ज्या क्षणी मी उतरत होतो' असं लांब लिहायचं: 'ओ मोमाँ ऊ ज देसाँदॅ द्यू ब्यूस'. पहिली सुटसुटीत आहे. परीक्षकालाही ती आवडते, कारण जेराँदीफ आला की पातळी दिसते.

पूर्ण वाक्य मग असं: 'जे रस्यू अँ नापॅल आँ देसाँदाँ द्यू ब्यूस, प्वी ज म स्वी पॅर्द्यू, ए काँ ज स्वी आरिवे शे म्वा, ला न्वी तोंबॅ.' पाच 'गेट' गेले आणि एकही 'ओब्तनीर' आला नाही.

'मिळणे'च्या घरात पाच खोल्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ घालवायला हवा. मराठी 'मिळणे' बरंच मोठं आहे, फ्रेंच त्याचे भाग पाडते.

पहिला प्रश्न विचारायचा तो हा: आपण मिळवलं की आपल्याला मिळालं? मराठीत 'मिळवणे' आणि 'मिळणे' ही जोडी आहे आणि ती इथे फार कामाला येते. मिळवलं असेल तिथे 'ओब्तनीर' शोभतं: परवानगी मिळवली, शिष्यवृत्ती मिळवली. आपण काही न करता दारात आलं असेल तिथे 'रसव्वार': पत्र, पार्सल, भेटवस्तू, फोन, बातमी. व्हिसा 'मिळाला' असं आपण म्हणतो खरं, पण त्यासाठी रांगेत उभे राहिलेलो असतो, म्हणून तिथे 'ओब्तनीर' बरोबर बसतं. ('रसव्वार देझँव्हिते' म्हणजे पाहुणे मिळाले नव्हे, घरी पाहुणे बोलावले. हा अर्थ वेगळा आहे, पण वाचनात भेटतो.)

नोकरी मिळाली किंवा लागली तर 'त्रूवे', म्हणजे सापडली: 'जे त्रूवे अँ त्रावाय'. पगार मिळतो तेव्हा 'तूशे सों सालॅर'. 'तूशे' म्हणजे स्पर्श करणे. पगाराला हात लागला, असं म्हणा हवं तर.

आणि मार्क. मार्क मिळाले तर 'आव्वार', साधं 'असणे'वालं क्रियापद: 'जे यू कातोर्झ स्युर वँ', वीसपैकी चौदा. फ्रान्समध्ये मार्क वीसपैकी देतात. म्हणून शंभरपैकी सत्तर मिळवलेल्या मुलाने निबंधात तसंच लिहिलं तर फ्रेंच वाचक क्षणभर थबकतो. परीक्षा पास झालो तरी 'आव्वार'च. याच 'आव्वार'ने गाडीही मिळते: 'जे यू मों त्रँ', मला गाडी मिळाली. चुकली असेल तर 'जे राते मों त्रँ'. दादर स्टेशनवर उभा असलेला माणूस 'गाडी मिळाली' म्हणतो आणि पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरचा माणूस 'जे यू मों त्रँ' म्हणतो, आणि दोघांच्याही डोक्यात 'कॅच' नाही. इंग्रजीतून गेलेला विद्यार्थी मात्र गाडी 'पकडायला' निघतो आणि 'आत्रापे' लिहितो. तेही समजतं, चूक नाही, पण घाईच्या बोलण्यात 'आव्वार' जास्त ऐकू येतं.

इथे एक स्थानिक अडचण. मुंबईत, विदर्भात आणि इतर बऱ्याच ठिकाणी 'मला पुस्तक भेटलं', 'नोकरी भेटली' असं सर्रास बोलतात. त्यात काही वावगं नाही, बोली आहे. पण माझा 'आधी मराठीत म्हणा' हा उपाय तुम्ही त्या बोलीतून वापरलात तर 'भेटणे'चं 'राँकोंत्रे' होऊन तुम्ही नोकरीशी ओळख करून घ्याल. माणसं भेटतात तिथे 'राँकोंत्रे', वस्तू भेटतात तिथे मनातल्या मनात 'मिळाली' करून पुढे जा.

मॉरिशसमध्ये ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना आणखी एक गंमत दिसेल. तिथल्या मराठी घरांतही जी क्रिओल बोलली जाते तिच्यात 'गाञ' हे एक क्रियापद 'गेट'सारखंच सगळीकडे चालतं. ताप येणंसुद्धा 'गाञ'. हा शब्द फ्रेंच 'गाञे'वरूनच आला. पण पॅरिसच्या फ्रेंचमध्ये 'गाञे' म्हणजे जिंकणे किंवा कमावणे. तिथे ताप जिंकता येत नाही.

होणे

'गेट ओल्ड', 'गेट फॅट', 'गेट रेड'. मुलं इथे 'दवनीर' लावतात. म्हातारा होणं याला फ्रेंचमध्ये एक अख्खं क्रियापद आहे: 'व्येयीर'. लठ्ठ होणे 'ग्रोसीर', बारीक होणे 'मॅग्रीर', मोठं होणे 'ग्राँदीर', लाजून लाल होणे 'रुजीर', थंड होणे 'रफ्र्वादीर', पिकणे 'म्यूरीर'. हे सगळे शेवटी 'ईर' असणारे दुसऱ्या गटातले, एकाच साच्यातून निघालेले. एकाचं रूप चालवता आलं की सगळ्यांचं येतं. आणि भूतकाळात 'आव्वार' घेतात: 'जे ग्रोसी', मी लठ्ठ झालो. 'ज स्वी ग्रोसी' नाही.

मराठीही कधीकधी असंच करते. 'पिकलं' म्हणतो, 'पिकलेलं झालं' नाही म्हणत. चहा 'निवला' म्हणतो. म्हणून विशेषणाच्या आधी 'दवनीर' लावण्यापूर्वी शोधायचं, या विशेषणातून निघालेलं क्रियापद आहे का. नसेल तर 'दवनीर' आहेच: प्रसिद्ध होणे 'दवनीर सेलॅब्र', डॉक्टर होणे 'दवनीर मेदसँ'. डॉक्टरच्या आधी 'अँ' (एक) लावायचा नाही, हे विसरतात सगळे.

हवामान आणि घड्याळ यांचं वेगळं आहे. उशीर होतोय: 'इल स फॅ तार'. थंडी पडायला लागली: 'इल कोमाँस आ फॅर फ्र्वा'. ही पाठच करावीत.

पडणे

इथे मराठी माणसाला फुकटात मार्क आहेत. आजारी पडणे 'तोंबे मालाद', 'तोंबे' म्हणजेच पडणे. प्रेमात पडणे 'तोंबे आमुरो'. गाडी बंद पडणे 'तोंबे आँ पान' ('पान' म्हणजे बिघाड). रात्र पडणे वर आलंच. 'फॉल इन लव्ह'मध्ये इंग्रजीतही पडणं आहे, पण गाडी इंग्रजीत पडत नाही, 'ब्रेक डाउन' होते. आपली बंद पडते आणि त्यांची 'पान'मध्ये पडते.

'तोंबे' भूतकाळात 'ॲत्र' घेतं, म्हणून 'इल ए तोंबे मालाद'. बाई असेल तर 'एल ए तोंबे', लिहिताना शेवटी जास्तीचा 'ई' येतो, ऐकू येत नाही.

सगळंच पडणं मात्र तिकडे पडत नाही. उपयोगी पडणे, कमी पडणे, महागात पडणे, प्रश्न पडणे यांना 'तोंबे' लावू नका. वस्तू, शरीर, प्रेम, रात्र, यंत्र इतक्यावर थांबा.

'स' कुठे जातं

मराठी इथे मदत करत नाही, उलट फसवते. उठणे, कपडे घालणे, लग्न करणे, सवय होणे या शब्दांत मराठीत 'स्वतःला' कुठेही दिसत नाही. फ्रेंचमध्ये ते लागतंच: 'स लवे', 'साबिये', 'स मारिए', 'साबित्यूए'. म्हणून वहीत 'ज लॅव' असं अर्धवट येतं आणि त्याचा अर्थ होतो 'मी (काहीतरी) उचलतो'.

लग्नाच्या बाबतीत तर हा 'स' गाळणं फारच महागात जातं. 'ज म मारी' म्हणजे मी लग्न करतोय. 'ज मारी मा फिय' म्हणजे मुलीचं लग्न लावून देतोय. आणि नुसतं 'मारिए' हे मेयरचं काम. फ्रान्समध्ये चर्चमध्ये किंवा इतरत्र धार्मिक विधी करण्याआधी नगरपालिकेत नागरी लग्न व्हावं लागतं. तिथे मेयर किंवा त्याचा सहायक जोडप्याला 'मारी' करतो. आपल्याकडे भटजी लावतात तसं. 'तिच्याशी लग्न केलं' असं नेमकं सांगायचं तर 'एपूझे' वापरा, त्याला 'स'ही नको आणि 'आवेक'ही (सोबत, -शी) नको.

करून घेणे

माझ्या मते 'गेट'मधला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि मराठीतून गेलं तर तोच सगळ्यात सोपा. 'केस कापून घेतले': इंग्रजीत 'गॉट माय हेअर कट'. फ्रेंचमध्ये 'ज म स्वी फॅ कूपे ले शवो'. 'फॅर' म्हणजे करणे, आणि त्याला 'स' जोडून झालं 'करून घेणे'. क्रम वेगळा, अर्थ तोच. मराठी '-ऊन घेणे' म्हणते तिथे 'स फॅर' आणि पुढे मूळ क्रियापद. झालं.

'फॅ' काढून टाकलंत, 'ज म स्वी कूपे ले शवो' म्हणालात, तर स्वतः आरशासमोर कात्री घेऊन कापले असा अर्थ होतो. सलूनमध्ये गेला होतात ना, मग 'फॅ' ठेवा.

यात एक नियम आहे तो मुलींसाठी विशेष महत्त्वाचा. 'स फॅर'मधला 'फॅ' कधीही बदलत नाही. 'एल सॅ फॅ कूपे ले शवो', लिंग-वचनाला न जुमानता 'फॅ' तसाच. मराठीत 'कापून घेतले' हे 'केस'प्रमाणे बदलतं, त्यामुळे हाताला सवय असते काहीतरी जुळवायची. तिथे हात आवरा.

स्वतःच्या शरीरासाठी, स्वतःवर झालेल्या गोष्टीसाठी 'स फॅर'. गाडी दुरुस्त करून घेतली, तर 'स' नको, 'जे फॅ रेपारे ला व्वात्यूर' पुरतं.

याच साच्यात वाईट गोष्टीही बसतात. फोन चोरीला गेला: 'ज म स्वी फॅ वोले मों तेलेफोन'. इथे 'करून घेतला' असं मराठीत म्हणता येणार नाही, तेव्हा अडल्यासारखं वाटलं तर सोपा मार्ग घ्या: 'ओं मा वोले मों तेलेफोन', कोणीतरी माझा फोन चोरला. दोन्ही तितकीच चालतात. 'माझी फसगत झाली' याला रोजच्या बोलण्यात 'ज म स्वी फॅ आव्वार' म्हणतात. फ्रान्समध्ये चार दिवस राहिलात तरी कानावर पडेल.

आणणे, चढणे, उतरणे

चढणे-उतरणे यात शिकवण्यासारखं काही नाही, 'मोंते' आणि 'देसाँद्र', आपल्यासारखंच. गाडीत 'आत जाणं' इंग्रजीने आणलं.

आणणे थोडं फसवं आहे. 'कोपऱ्यावरून पाव आण': 'वा शॅर्शे द्यू पँ', म्हणजे शब्दशः जा आणि शोध. हरवलेला नाहीये पाव, तरी 'शॅर्शे'. मुलीला शाळेतून आणायला जाणं हेही 'आले शॅर्शे'. पण पार्टीला येताना केक घेऊन या, याला 'आपोर्ते', आणि मित्राला घेऊन या, याला 'आमने'. वस्तू आणि माणूस यात फ्रेंच भेद करते. मराठीत दोन्ही 'आणणे'. 'घेऊन या'नेही सुटत नाही. इथे मराठीतून गेलात तर अडाल, तेव्हा एक प्रश्न मनात ठेवा: आणायला मुद्दाम जायचं आहे का? हो, तर 'आले शॅर्शे'. नाही, तर वस्तू की माणूस बघा.

'मला' बदलायला विसरू नका

या उपायाची खरी मर्यादा इथे आहे. मराठीत 'मला' आणि 'माझं'ने सुरू होणारी वाक्यं ढीगभर आहेत: मला भूक लागली, मला ताप आला, मला राग आला, मला सवय झाली, माझं लग्न झालं. फ्रेंचमध्ये यातल्या प्रत्येकात 'मी' कर्ता होतो. भूक लागली म्हणजे 'जे फँ', माझ्याकडे भूक आहे. ताप आला म्हणजे 'जे द ला फ्येव्र'. राग आला म्हणजे 'ज म स्वी मी आँ कोलॅर', मी स्वतःला रागात घातलं. कोणी विचारलंय तुम्हाला, असं वाटतं खरं, पण तिकडे असंच आहे.

आणि काळाकडे बघा. 'भूक लागली' मराठीत भूतकाळी रूप आहे, पण भूक आत्ता आहे. फ्रेंचमध्ये वर्तमानकाळ: 'जे फँ'. 'जे यू फँ' म्हणालात तर मघाशी लागली होती, आता जेवलो, असा अर्थ होतो. 'मी दमलो'चंही तेच: 'ज स्वी फातिगे'. 'कळलं' मात्र सरळ जुळतं: 'जे कोंप्री'. कारण कळण्याची क्रिया खरंच संपलेली असते. म्हणजे मराठी वाक्यातल्या '-ला', '-ली', '-लं'वर विश्वास ठेवण्याआधी विचारा, ही अवस्था अजून चालू आहे का?

डेल्फच्या बी-वनला लेखनासाठी पाऊण तास आणि किमान 160 शब्द असतात. कुठेही इंग्रजी छापलेलं नसतं, प्रश्नही फ्रेंचमध्येच असतो. म्हणजे तिथे 'गेट' आलाच तर तो तुम्ही घरून घेऊन आलेला असतो. कच्च्या कागदावर दोन ओळी मराठीत लिहिल्या तर कोणी मार्क कापत नाही. भाषांतर यंत्राला विचारायचं असेल तर सुटा 'गेट' देऊ नका, अख्खं वाक्य द्या, आणि शक्य असेल तर मराठी वाक्य द्या. तिथून आलेलं क्रियापद एकभाषी फ्रेंच कोशात तपासा, खासकरून त्याला 'स' लागतो का एवढ्यासाठी.

काही तुटक प्रयोग उरतात. 'आमचं पटतं' म्हणजे 'ओं साँताँ ब्यँ', ऐकू येतं या अर्थाचं तेच क्रियापद. 'कसंबसं निभावतं' म्हणजे 'ज म देब्रूय', आणि तुमचं फ्रेंच कसं आहे असं कोणी विचारलं तर हेच उत्तर द्या, चांगलं वाटतं. 'चला, निघूया' म्हणजे 'ओं नी वा'.

आणि शेवटचा, ज्यावर वर्गात हमखास हात वर होतो: 'डिडन्ट गेट टू सी'. संग्रहालय बघायचं होतं, बघायला मिळालं नाही. मराठीत 'मिळणे' आलं म्हणून 'रसव्वार'कडे धावू नका. इथे मिळाली नाही ती संधी. 'ज ने पा यू लोकाझियों द व्वार ल म्यूझे'. वेळच नव्हता किंवा दार बंद होतं असं असेल तर आणखी साधं: 'ज ने पा प्यू व्वार ल म्यूझे', बघता आलं नाही.